गल्लीत आधी कोण पोहोचतं

अलिबागला निघालेला माणूस वडखळला गोव्याचा महामार्ग सोडतो आणि थोड्याच वेळात धरमतरच्या पुलावर येतो. खाली अंबा नदीची रुंद खाडी, खाडीत मालाचे बार्ज, मागे डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी. पुलामुळे धरमतर आता नुसतं ओलांडायचं ठिकाण झालं आहे. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. मुंबईहून सुटलेली आगबोट इथे माणसं उतरवायची आणि इथूनच पेण, नागोठणे, महाडकडची वाट सुरू व्हायची. मुंबईत काय चाललंय हे या मुलखाला बरंचसं बोटीतून उतरलेल्यांच्या तोंडून कळायचं.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून पळाली. कुणी गुजरातेत, कुणी देशावर, कुणी कोकणात. त्यांच्याबरोबर बोचकी गेली, बोचक्यांतून पिसवा गेल्या आणि गोष्टीही गेल्या. सरकारी इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटं टांगतात आणि त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात, ही एक. मुंबईत राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं म्हणून राणी रागावली आहे आणि तिने पाचशे माणसांची काळजं मागवली आहेत, ही दुसरी. डॉक्टर अजून गल्लीच्या तोंडाशी असायचा आणि गोष्ट माजघरात जाऊन बसलेली असायची.

या गोष्टी खुळचट होत्या असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे, पण त्यांना आधार होता. आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेले बहुतेक लोक खरोखरच परत येत नव्हते, कारण ते तिथे पोहोचायचे तेच अखेरच्या अवस्थेत. शिपाई घरात घुसत होते. गाठी पाहण्यासाठी बायाबापड्यांच्या काखा नि जांघा तपासल्या जात होत्या, कौलं उतरवली जात होती, अंथरूण-पांघरूण जाळलं जात होतं. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावरच हल्ला केला. पुण्यात हाच संताप जून १८९७ मध्ये प्लेगच्या कामावरचा अधिकारी रँड याच्या खुनापर्यंत गेला. मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण सरकार आपल्या शरीराचं आणि घराचं काहीही करू शकतं ही जाणीव खोटी नव्हती. अफवा त्या जाणिवेवर उभी होती.

९ मार्च १८९८ ला मुंबईच्या मदनपुऱ्यात जे घडलं ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. मदनपुरा ही विणकरांची वस्ती. उत्तर हिंदुस्थानातून, आझमगड-मऊ-बनारस पट्ट्यातून आलेले हे मुसलमान विणकर. त्या काळच्या सरकारी कागदांत त्यांना जुलाहा म्हटलं आहे, ते स्वतःला मोमीन म्हणवतात. प्लेगच्या तपासणी पथकाला इथल्या एका घरात तापाने आजारी मुलगी सापडली. तिला नेऊ देणार नाही, असं वस्तीने सांगितलं. दंगल पेटली, लष्कर आलं, माणसं मेली. त्यानंतर सरकारने पकड सैल केली, आणि निरनिराळ्या जातीजमातींनी आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या इस्पितळांवर अधिकाधिक भिस्त ठेवली. रुग्ण तोच, रोग तोच, उपचारही जवळपास तोच. पण खाटेशेजारी उभा असलेला माणूस आपला.

त्याच शहरात, त्याच काळात दुसरी एक जमात अगदी वेगळी वागली. वाल्डेमार हाफकिन या ओडेसाहून आलेल्या यहुदी शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस तयार होती, दंड पुढे करायला मात्र लोक तयार नव्हते. तेव्हा खोजा इस्माइलींचे इमाम तिसरे आगाखान, वय वर्षं विशीच्या आसपास, यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. हाफकिनच्या प्रयोगशाळेला त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. हजारो खोजांनी लस घेतली. खोजे मोमिनांपेक्षा जास्त शिकलेले किंवा कमी धार्मिक होते म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. आपापसातच लग्नं, आपला जमातखाना, आपला इमाम, या अर्थाने खोजा जमात मदनपुऱ्याइतकीच, किंबहुना जास्तच बंदिस्त होती. लस घेऊन त्यांच्या दारी जो आला तो लग्नाला, मयताला, भांडण मिटवायलाही येणाराच होता.

बंदिस्त हा शब्द आपण फार सैल वापरतो. माणसं कशाबाबत बंद आहेत हे विचारायला हवं, आणि त्यासाठी धरमतरच्या आसपासच बघता येईल. पेण, रोहे, अलिबाग, मुरूड या पट्ट्यातल्या गावांत शेकडो वर्षं बेने इस्रायली राहत होते. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं आजही त्या गावांची खूण सांगतात. बेटीव्यवहार आपल्यातच, मुलग्यांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खायचे. पण बोली मराठी, पेहराव मराठी आणि तेल सगळ्या गावाला. घर बंद, घाणा उघडा. मग एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले. त्यांनी शाळा काढल्या, हिब्रू शिकवली. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू उघड होता, या लोकांना ख्रिस्ताकडे आणायचं. बेने इस्रायलींनी शाळा घेतली, व्याकरण घेतलं, आपले धर्मग्रंथ पहिल्यांदा वाचायला घेतले आणि पूर्वीपेक्षा पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झाले ते मोजकेच.

हे उदाहरण मला आवडतं, कारण ते आगाखानांच्या गोष्टीत एक दुरुस्ती करतं. निरोप आपल्यातल्याच माणसाने आणला पाहिजे असं नाही. परक्याचा हेतू ओळखूनही माणसं त्याच्याकडून घेतात, पण तो आपल्या कामाचं काहीतरी घेऊन आला असेल तर. जो फक्त स्वतःच्या कामासाठी दार वाजवतो, त्याला आतून कडी लागते.

आता फोन. बंदिस्त धार्मिक समाज आणि आधुनिक माध्यमं यांबद्दल लिहिताना सहसा असं मांडलं जातं की इंटरनेट आलं, अफवा आल्या आणि भोळी माणसं फसली. न्यूयॉर्कमधली एक साथ हे चित्र बिघडवते. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रुकलिनच्या कर्मठ यहुदी वस्त्यांत गोवराची साथ सुरू झाली. इस्रायलहून परतलेल्या प्रवाशांबरोबर विषाणू आला होता. वर्षभरात शहरात ६४९ रुग्ण झाले. एप्रिल २०१९ मध्ये महापौरांनी विल्यम्सबर्ग भागापुरती आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि लस न घेणाऱ्यांना दंडाचा इशारा दिला. या वस्त्यांमधल्या कित्येक घरांत इंटरनेट नाही, धर्मगुरूंची तशी ताकीदच आहे. तरीही लसविरोध आत पोहोचला होता. छापील पुस्तिकेतून, आणि साध्या फोनवरच्या अशा सेवेतून जिथे नंबर फिरवला की एखाद्या आईचं किंवा वक्त्याचं भाषण ऐकायला मिळे. बहुतेक रब्बी लसीच्या बाजूने होते, धर्मग्रंथांत लसीविरुद्ध काही नव्हतं, आणि बहुसंख्य मुलांना लस दिलेलीही होती. घोळ होता तो एका लहान, घट्ट विणलेल्या गटात. मग त्याच समाजातल्या परिचारिकांनी त्या पुस्तिकेतल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणारी आपली पुस्तिका तयार केली आणि आयांच्या बैठकीच्या खोल्यांत बसून त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. इस्रायलमध्ये बनेई ब्राकला फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडची लस घेणाऱ्यांना शब्बाथच्या जेवणातला चोलंट वाढला गेला. नगरपालिका तुमच्या ताटात काय असतं ते जाणते, एवढं तरी त्यातून कळत असणार.

आपल्याकडे उलट आहे, फोन सगळ्यांकडे आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी, भटके. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच जणांना किंवा गटांना पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. अशा निरोपांचं प्रमाण त्यानंतर सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनी सांगते. उपाय चांगलाच होता. पण गावाकडून आलेला मावसभाऊ चहा पिता पिता जे सांगतो त्याला मर्यादा घालता येत नाही, आणि फॉरवर्ड विश्वासाचा वाटतो तो आधी त्या मावसभावामुळे.

२०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, बहुतेकांना शाळेतच, इंजेक्शन. या लसीबद्दलची भीती आधीच फोनवर फिरत होती. तामिळनाडू आणि केरळातल्या मलप्पुरममध्ये ती वर्षभरापूर्वी दिसली होती. नपुंसकत्व येतं, लोकसंख्या कमी करण्याचा डाव आहे, वगैरे. यातलं नवीन काही नाही. पोलिओच्या डोसबद्दल उत्तर प्रदेशात नेमकं हेच बोललं जायचं, आणि तेव्हा स्मार्टफोन नव्हते. तिथे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, मदरसे, मशिदींचे भोंगे यांची मदत घेतली गेली, मोहल्ल्यातल्याच बाया घरोघरी पाठवल्या गेल्या. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला.

मग कोविड. २०२० आणि २०२१ मध्ये रोजची लसीकरणं चुकली, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात गोवंडीच्या रफीनगरात एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत गेली. गोवर मुंबईच्या एम-पूर्व विभागात पसरला, मग भिवंडी, मालेगाव. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो. साथ रोखायची तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांचे दोन्ही डोस व्हायला हवेत. शासनाने नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायचं ठरवलं, आणि जिथे लहान बाळांतही गोवर दिसत होता तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही. पालिकेने मौलानांच्या बैठका घेतल्या, मशिदींतून आवाहनं झाली.

गोवंडीबद्दल सगळीकडे एकच शब्द होता, अफवा. मला तो पुरेसा वाटत नाही. देवनारच्या कचरा डोंगराशेजारची ही वस्ती. जरीकाम, भंगार, रोजंदारी. मुलाला टोचलं की रात्री ताप येतो, दुसऱ्या दिवशी आईचा खाडा होतो, खाडा झाला की पैसे जातात. कुटुंब अर्धं वर्ष उत्तर प्रदेशात गावी, अर्धं इथे, त्यामुळे लसीचं कार्ड कुठे आहे हेच ठाऊक नसतं. अंगावर पुरळ आलं तर देवीचं समजून घरीच ठेवायची रीत हिंदू-मुसलमान दोघांतही आहे. कुपोषित मुलाला गोवर झाला की न्यूमोनिया लवकर होतो. यातलं निम्मं फोनशी संबंधित नाही. अफवेवर बोट ठेवणं प्रशासनाच्या सोयीचं असतं, कारण मग गटार आणि पाण्याबद्दल बोलावं लागत नाही. वस्तीला पाणी हवं होतं, तिच्याकडे सुई आली.

उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं, आणि ते धरमतरच्या परिसराचंच आहे. रेवदंड्याच्या धर्माधिकारी घराण्याच्या श्रीसमर्थ बैठकीला या पट्ट्यातल्या आगरी, कोळी, कुणबी घरांमधले असंख्य लोक जातात. ही जमात नव्हे, तिचं दार सगळ्यांना उघडं आहे, पण आतली बांधणी घट्ट. एका शब्दावर हजारो सदस्य गावंच्या गावं झाडून काढतात, झाडं लावतात. १६ एप्रिल २०२३ ला आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सरकारी सोहळा खारघरच्या मैदानावर भर उन्हात झाला, लाखो माणसं तासन् तास बसून राहिली, आणि उष्माघाताने चौदा जण गेले. तापमान प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिसत होतं. पण आपल्या माणसाच्या कार्यक्रमातून उठून कोण जाईल? विश्वासाची जी वाट झाडू घेऊन रस्त्यावर आणते तीच वाट उन्हातही बसवते. अशा वेळी सावलीची जबाबदारी बोलावणाऱ्यावर येते, आणि इथे बोलावणारं सरकार होतं.

आता मालेगाव. मदनपुऱ्यात १८९८ मध्ये दार अडवणारे मोमीन विणकर आणि मालेगावचे यंत्रमागवाले एकाच स्थलांतरातले. १८५७ नंतर आग्रा रोडने खाली येत ते बऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी, मुंबई असे पांगले. मोसम नदी मालेगावचे दोन भाग करते, पूर्वेला बहुतांश मुसलमान, पश्चिमेला बहुतांश हिंदू. ८ एप्रिल २०२० ला इथे कोविडचे पहिले रुग्ण सापडले आणि महिनाभरात आकडा शेकड्यांत गेला. आरोग्य पथकं घरोघर नावं विचारायला गेली तेव्हा कित्येक दारं उघडली नाहीत. याचं कारण धर्मात शोधण्यापेक्षा कॅलेंडरात शोधावं. काहीच महिन्यांपूर्वी नागरिकत्वाच्या कायद्याविरुद्ध इथे प्रचंड मोर्चे निघाले होते. घरात किती माणसं, जन्म कुठला, असं विचारणारा सरकारी कागद म्हणजे काय, याची धास्ती ताजी होती. त्यामागे जुनी आठवणही होती. २००६ च्या बॉम्बस्फोटात गावचीच माणसं मेली, गावचेच मुसलमान तरुण पकडले गेले, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं.

याच आठवड्यांत मालेगावच्या बाहेरचे फोनही गप्प नव्हते. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातच्या मेळाव्यात लागण झाल्याची बातमी आल्यापासून मुसलमान मुद्दाम रोग पसरवतात, फळांवर थुंकतात अशा क्लिप देशभर फिरत होत्या. त्यातल्या कित्येक जुन्या किंवा भलत्याच ठिकाणच्या निघाल्या. मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीत येऊ दिलं जाईना. तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं मत नोंदवलं, पण क्लिपा त्याआधी चार महिने फिरून झाल्या होत्या. आरोग्याविषयीच्या अफवांची चर्चा करताना आपण नेहमी त्या ऐकून दार लावणाऱ्यांकडे बघतो. ज्या अफवांमुळे दार लावावंसं वाटलं, त्या पाठवणारे सहसा हिशेबात धरले जात नाहीत. तेही एका अर्थी बंदिस्त समाजच होते; सोसायटीच्या गटात सगळे एकाच विचाराचे, आणि उलट बोलणारा कुणी नाही.

२०२१ मध्ये लस आली तेव्हा पाया असा तयार होता. आधी लशीत डुकराचं जिलेटीन आहे का यावर चर्चा झाली; संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने डिसेंबर २०२० मध्येच जीव वाचवण्यासाठी तशी लसही चालेल असं सांगितलं होतं, आणि भारतात दिल्या गेलेल्या मुख्य लशींत ते नव्हतंच. मे २०२१ मध्ये फ्रान्सचे नोबेलविजेते ल्यूक मोन्तान्ये यांच्या नावाने फॉरवर्ड आला की लस घेतलेला प्रत्येक जण दोन वर्षांत मरेल. असं ते म्हणालेच नव्हते. मोन्तान्ये यांचं नाव आधी कुणी ऐकलं नव्हतं, पण फॉरवर्डने त्यांना पॅरिसहून थेट यंत्रमागाच्या शेडमध्ये आणलं, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर मात्र तिथे पोहोचायची होती. त्या नोव्हेंबरात मुस्लिमबहुल भागांतलं लसीकरण मागे आहे म्हणून सलमान खानची मदत घेऊ, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जाहीर केलं. कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. पण आगाखान आणि सलमान खान यांत फरक आहे. पडद्यावरचा माणूस कितीही आवडता असला तरी मुलाला ताप आला तर रात्री त्याचं दार वाजवता येत नाही.

ज्यांचं दार वाजवता येतं ते मालेगावात होतेच. मन्सुरा परिसरात मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे, युनानी वैद्यक शिकवणारं, आणि गावातल्या पिढ्यान् पिढ्या त्या पद्धतीच्या दवाखान्यांत जात आल्या आहेत. एप्रिल-मे २०२० मध्ये बरेचसे खासगी दवाखाने बंद होते, मधुमेह आणि दम्याची माणसंही घरातच मेली, कब्रस्तानात रांगा लागल्या. त्या दिवसांत या कॉलेजाचा काढा घरोघर गेला. तो कोविडवर लागू पडतो याचा शास्त्रीय पुरावा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. लोकांनी तो घेतला, कारण देणारे ओळखीचे होते आणि त्यांनी घरातल्यांची यादी मागितली नाही.

जूनपर्यंत मालेगावातले रुग्ण झपाट्याने उतरले. कारणं अनेक असतील. उपचार केंद्रं उभी राहिली, बाहेरून आलेले अधिकारी आणि गावचे मौलाना एकत्र बसू लागले, आणि बऱ्याच जणांना लागण होऊनही गेली असावी. व्हॉट्सॲपने एकच कारण उचललं. मन्सुरा काढ्याची पाकिटं नाशिक, पुणे, मुंबईला जाऊ लागली, कृतीचे फॉरवर्ड फिरू लागले, आणि मालेगावचं नाव घेऊन जे विकलं जाई त्यात मूळचं किती हे कुणी पाहत नव्हतं. एप्रिलात फळांवर थुंकण्याच्या क्लिपा ज्यांनी पुढे ढकलल्या, त्यांतल्याही काहींनी जूनमध्ये ओळखीपाळखीतून एखादं पाकीट मागवलं असणार.